सोसायटीची श्रावण सहल, औंढा नागनाथ आणि परळी: वैजनाथ नेमकं कुठलं?

बी-२०४: सचिव साहेब, धर्मशाळेची लिंक टाकण्याआधी उघडून बघितली होती का? पत्त्यात पिन ८१४११२ आहे. ते झारखंडचं देवघर. आपली परळी ४३१५१५.

सचिव: ताई, वर "वैद्यनाथ धाम" लिहिलंय म्हणून टाकली. ॲडव्हान्स गेलेला नाही. शांत राहा.

बी-२०४: शांतच आहे. पार्किंगचे पट्टे मारले तेव्हाही शांतच होते.

ए-३०२: पैसे भरण्याआधी पिन बघा. ८ नं सुरू झाला की बिहार-झारखंड. आपल्याकडचे ४ नं सुरू होतात.

सी-१०१: पण खरं ज्योतिर्लिंग देवघरचंच ना? श्रावणात सुलतानगंजहून शंभरावर किलोमीटर कावडी चालत येतात तिथं.

खजिनदार काका: ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातच आहे, "परल्यां वैद्यनाथं च." लहानपणापासून म्हणतो आम्ही.

सी-१०१: काका, "वैद्यनाथं चिताभूमौ" असाही पाठ आहे. देवघरवाले तोच दाखवतात.

खजिनदार काका: दाखवू द्या. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार परळीचा केला.

बी-५०१: औंढ्याचंही तेच. "नागेशं दारुकावने" म्हटलं की द्वारकावाले उठतात, मग उत्तराखंडातले जागेश्वरवाले. भीमाशंकरवर तर गुवाहाटीकडूनही दावा आहे.

ए-१०४: वेरूळला या म्हटलं, तर घृष्णेश्वरावरही राजस्थानातल्या शिवाडचा दावा 😄

ए-३०२: पैसे भरण्याआधी पिन बघा.

बी-५०१: ड्रायव्हरला लोकेशन कोण देणार? नुसतं "औंढा" टाकू नका, इंग्रजीत शेवटचा "ए" राहिला की औंध येतं. एक औंध पुण्यात, दुसरं साताऱ्यात. "औंढा नागनाथ, हिंगोली, ४३१७०५" असं पूर्ण टाका. नुसत्या "बैजनाथ"नं हिमाचलात कांगड्याला जाल.

सी-१०१: जाऊ की, थंड हवा 😂

डी-४०३: आई बसनं येणार नाहीत, रेल्वेनं परळीला येतील. तिकीट कसं काढू?

बी-५०१: स्टेशन "परळी वैजनाथ", कोड पीआरएलआय. यादीत "बैद्यनाथधाम" दिसेल ते घेऊ नका, ते देवघरचं. तिकडं जाणारे बहुतेक जसीडीहला उतरतात. औंढ्याला स्टेशन नाही, जवळचं हिंगोली. पाटीवर "हिंगोली डेक्कन" असतं, घाबरू नका, तेच ते.

डी-४०३: धन्यवाद दादा 🙏

खजिनदार काका: औंढ्याचा गाभारा खाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून वाकून जावं लागतं. गुडघेवाल्यांनी बाहेरूनच हात जोडावेत.

सी-१०१: गुडघेवाले म्हणजे कोण, काका? नाव घ्या ना.

खजिनदार काका: ज्याचे दुखतात तो.

ए-१०४: 🍿

सचिव: मार्ग: जालना, मंठा, जिंतूर, औंढा. तिथून परभणी, गंगाखेड, परळी. सोमवार टाळू, परळीत रांग हलत नाही.

बी-२०४: गंगाखेडला जनाबाईंचं दर्शन ठेवा. आणि नरसी नामदेव कामून नाही? औंढ्याहून हिंगोलीकडंच तर आहे.

सचिव: मग परळीला रात्र होईल ताई.

बी-२०४: होऊ द्या. धर्मशाळा तर आपण झारखंडात बघत होतो.

ए-३०२: पैसे भरण्याआधी पिन बघा.

सचिव: बघितला भाऊ. परळीतल्या भक्तनिवासाला फोन करतोय. उपवासाचे डबे किती जणांना हवेत ते रात्रीपर्यंत कळवा.

सी-१०१: साबुदाणा नको, भगर सांगा. मागच्या खेपेला नुसता गोळा झाला होता.

डी-४०३: तो आमच्या आईंनी केला होता.