क्रॉ वर्म पहिल्यापासूनच कमकुवत होता, की काळाने त्याला मागे टाकले?

रानवाट :
मामेभावाने दिलेल्या डब्यात ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या चौथ्या आवृत्तीची (१९९५) पांढऱ्या किनारीची काही कार्डे निघाली, त्यांत क्रॉ वर्म तीन आहेत. सहा माना (कार्ड खेळण्यासाठी मोजावी लागणारी शक्ती) मोजून ६/४ चा (सहा नुकसान करणारा, चार नुकसानात मरणारा), अंगी दुसरा कोणताही गुण नसलेला हा प्राणी मी हिरव्या रंगाच्या डेकमध्ये (खेळायला निवडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) घातला आहे. पण गेल्या रविवारी समोरच्या गड्याने एका मानाचे १/१ गॉब्लिन आडवे घातले आणि माझा अख्खा हल्ला त्या एका गॉब्लिनवर वाया गेला. सगळे हसले. हे कार्ड कधी तरी उपयोगाचे होते का?

जुनाखेळिया :
माझ्या मते, नव्हते. १९९३ च्या पहिल्याच संचातली सेरा एंजल पाच मानांत ४/४ असून उडते, शिवाय हल्ला करूनही टॅप होत नाही (म्हणजे नंतर अडवायलाही मोकळी राहते). ती वर्मला अडवायला उभी राहिली तर दोघेही मरतात, म्हणजे आपण एक माना जास्त मोजून बरोबरी साधतो. त्यातच टेरर या कार्डाने तो दोन मानांत मरतो आणि सोर्ड्स टू प्लाउशेअर्स या कार्डाने तर एकाच मानात खेळाबाहेर जातो. सोर्ड्समुळे आपल्याला सहा लाइफ (खेळाडूचे जीवन-गुण) मिळते, हाच काय तो दिलासा.

हिरवाडेक :
जुनाखेळिया यांच्याशी मी निम्माच सहमत आहे. लाइटनिंग बोल्ट या कार्डाच्या तीन नुकसानाला पुरून उरणारा आणि चार फटक्यांत वीस लाइफ संपवणारा हा प्राणी कॉमन होता, त्यामुळे नवख्यालाही तो सहज मिळे. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी एक माना देणारे तीन लानोवार एल्व्ह्ज उतरले, तर तिसऱ्याच फेरीत तो मैदानात येतो. त्याचे खरे दुखणे म्हणजे ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेले नुकसान समोरच्या खेळाडूपर्यंत पोहोचवण्याचा गुण) नसणे. २०१७ च्या इक्सालान संचातला कोलोसल ड्रेडमॉ पाहा : तोही कॉमन, किंमत तंतोतंत तीच, पण ६/६ आणि वर ट्रॅम्पल. त्याच्या शेजारी ठेवल्यावर वर्म बिचारा अर्धवट छापल्यासारखा वाटतो.

रानवाट :
दोघांचेही आभार. तिन्ही काढून टाकावेत म्हटले, तरी एक ठेवण्याचा मोह होतो आहे. त्याला ट्रॅम्पल देता येईल असे स्वस्त काही आहे का?

हिरवाडेक :
रँकर घ्या. एका हिरव्या मानाचे हे ऑरा (प्राण्याला जोडायचे कार्ड) वर्मला ८/४ करते आणि ट्रॅम्पलही देते, त्यामुळे तेच गॉब्लिन पुन्हा आडवे आले तरी सात नुकसान पलीकडे पोहोचते. पुढे वर्म मेला तरी रँकर आपल्या हातात परत येते. मात्र समोरच्याकडे दोन काळे माना मोकळे असतील तर थांबा, कारण रँकर लागू होण्याआधीच त्याने टेररने वर्म मारला, तर रँकरही वाया जाते.