मदत हवी आहे: वडील वारले, त्यांच्या लायसनची बारा बोअर बंदूक घरात आहे, आता नेमकं काय करायचं?

नमस्कार मंडळी. शस्त्र परवान्याचं काम ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांच्या घरात असा प्रसंग येऊन गेलाय त्यांच्याकडून माहिती हवी आहे. जरा लांब लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

बाबा गेल्या महिन्यात वारले. गाव सिंधुदुर्गात, आतल्या बाजूला. डोंगराला लागून घर, वर काजू-आंब्याची बाग आणि खाली भाताचे कुणगे. बाबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचं लायसन होतं, एकनळी १२ बोअर, काडतुसाची. मी लहान असल्यापासून ती माजघरातल्या लोखंडी कपाटात आहे, नळी आणि काडतुसं वेगवेगळ्या कप्प्यात, आणि चावी फक्त बाबांकडे. वानरांचा कळप काजूत शिरला की अंगणात जाऊन हवेत एक बार काढायचे, दोन दिवस शांतता. त्यांनी कधी शिकार केली नाही आणि कुणाच्या हातातही दिली नाही. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायचे, त्या सगळ्या पावत्या, नूतनीकरणाची चलनं, यूआयएन नंबरचा (लायसनधारकाला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख क्रमांकाचा) कागद, सगळं एका प्लास्टिकच्या फाईलीत लावलेलं मिळालं. २०२४ ला तर लोकसभेला ऐन काजूच्या हंगामात जमा आणि विधानसभेला ऐन भातकापणीत जमा, त्या वर्षी माकडांनी आणि डुकरांनी काय केलं ते गावातल्या कुणालाही विचारा. पण बाबांनी नियम मोडला नाही.

आता अडचण अशी की मी पुण्याला, दादा ठाण्याला, आणि आई घरी एकटी. भेटायला आलेले पोलीस पाटील जाताना हळूच म्हणाले, लायसनवाला माणूस गेला म्हणजे लायसन पण गेलं, बंदूक घरात ठेवू नका. आईने ते ऐकलं आणि तेव्हापासून तिला झोप नाही. "ती पयली घरातसून भायर काढ" एवढंच म्हणते. मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे, कारण उद्या कुणी विचारलं तर बंदूक तिच्या ताब्यात सापडणार, माझ्या किंवा दादाच्या नाही.

बाराव्याला सगळे जमले तेव्हा प्रत्येकाने आपापलं मत दिलं. काका म्हणाले माझ्याकडे ठासणीच्या बंदुकीचं लायसन आहे, ही पण माझ्याच लायसनवर चढवून घेतो, तोवर माझ्या घरी नेऊन ठेवतो. दादाला ती बाबांची आठवण म्हणून हवी आहे, त्याचं म्हणणं ठाण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर लावू, चालत नसली म्हणजे झालं, नळी कापून टाकू. चुलतभाऊ म्हणाला उरलेली काडतुसं आधी वाजवून संपवू म्हणजे तेवढा प्रश्न सुटेल. शेजारच्यांनी सांगितलं घोडा जरा ढिला आहे, आपला लोहार नीट करून देईल, मग विकलीस तर चार पैसे जास्त येतील. सगळे प्रेमाने बोलत होते पण यातलं कायदेशीर काय आणि बेकायदेशीर काय हे एकालाही छातीठोक सांगता आलं नाही.

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. ड्युटीवरचे म्हणाले साहेब नाहीत, आणि तसंही आधी वरून पत्र आणा मग जमा करून घेऊ. लेखी काही दिलं नाही.

तर मला विचारायचंय ते असं. आज या घडीला बंदूक घरात असणं हा गुन्हा धरतात का आणि आईला त्यातून कसं वाचवायचं? ठाण्यात किंवा दुकानदाराकडे न्यायची तर मी नेऊ कशी, माझ्याकडे लायसन नाही, रस्त्यात गाडी तपासली तर? लायसन माझ्या नावावर होऊ शकतं का, सातबाऱ्यावर आता वारस म्हणून आमची नावं लागतील पण मी राहतो पुण्याला. आणि ठेवायचीच नसेल तर विकायची सरळ पद्धत काय?

कृपया "काही होत नाही, ठेवा तशीच" असा सल्ला देऊ नका, तो गावात भरपूर मिळालाय.

प्रतिसाद – सावंतवाडीकर

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. सासऱ्यांच्या बंदुकीचं सगळं मीच केलं होतं त्यामुळे जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

पहिलं काम जमा करणं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ यासाठीच आहे. कुठल्याही कारणाने शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नाही की विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. त्यात आधी वरून पत्र आणा असं काही नाही. जमा केलं म्हणजे मालकी गेली असंही नाही, ठरवून दिलेल्या मुदतीत लायसन मिळालं तर वारसाला परत मिळतं किंवा ज्याला बाळगायचा अधिकार आहे अशा माणसाला विकता येतं. मात्र मुदतीत काहीच केलं नाही तर नोटीस काढून सरकारजमा करतात, म्हणून जमा करून विसरून जाऊ नका.

तुम्ही असं करा. आईच्या सहीने एक साधा अर्ज लिहा, पती अमुक तारखेला वारले, त्यांच्या परवाना नंबर अमुकवर अमुक बंदूक आहे, तिचा नंबर, काडतुसं किती, सगळं जमा करायचं आहे. सोबत मृत्यू दाखला आणि लायसनची झेरॉक्स. दोन प्रती, एकीवर पोच आणि आवक नंबर. ठाण्यात घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने ठाण्याला, पोलीस अधीक्षकांना आणि ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे. एकदा हा कागद गेला की आईने लपवून ठेवली असं कोणी म्हणू शकत नाही. बाळगण्याला तुरुंगवास आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षा आणखी वाढली आहे, त्यामुळे यात एक दिवसही ढकलू नका.

नेण्याबद्दल, तुम्ही एकट्याने गाडीत टाकून नेऊ नका. अर्जातच लिहा की आमच्यापैकी कोणाकडे परवाना नाही तरी पोलिसांनी घरी येऊन ताब्यात घ्यावी. आमच्याकडे हवालदार आणि पोलीस पाटील येऊन पंचनामा करून घेऊन गेले. पावतीवर बंदुकीचा नंबर, कंपनी, काडतुसांचा आकडा आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या, आणि आधी मोबाईलवर फोटो काढा. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पावसाळ्यात दमटपणाने नळीला आतून गंज लागतो, विक्रेत्याकडे भाडं पडतं पण तेल-पाणी तरी होतं.

प्रतिसाद – वकील, कोल्हापूर

वरचं बरोबर आहे. बाकीच्या सल्ल्यांबद्दल स्पष्ट लिहितो कारण त्यातला एकेक सल्ला तुम्हाला बंदूक घरात ठेवण्यापेक्षा जास्त महागात पडेल.

नळी कापणे: कलम ६, परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा. लोहाराकडून घोडा दुरुस्त करणे: कलम ५ मध्ये बनवणं, विकणं, बदल करणं आणि दुरुस्ती करणं सगळं एकत्र आहे, परवाना नसलेल्या कारागिराने केलं तर २०१९ पासून सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. लोहारही अडकेल आणि देणाराही. काडतुसं वाजवणे: ज्याच्या नावावर लायसन तोच वापरणार, तो आता नाही, म्हणजे चुलतभावाने एक बार काढला तरी गुन्हा. काडतुसं मोजून बंदुकीबरोबरच जमा करा. काकांनी घरी नेणे: त्यांचं लायसन त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचं आहे, त्यावर ही बंदूक चढेपर्यंत ती त्यांच्या घरातही बेकायदाच.

दादांना भिंतीवर लावायची असेल तर कलम ४५ मध्ये जुन्या आणि निकामी शस्त्राला सूट आहे पण अट अशी की दुरुस्ती करूनसुद्धा ती चालता कामा नये. तुमची बंदूक काल-परवापर्यंत चालत होती, ती त्यात बसत नाही.

आता लायसन. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ वारसांसाठीच आहे, परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारसाला लायसन देता येतं. बाकी वारसांचं ना हरकत, अर्जदाराचं क्षतिपूर्ती (नुकसानभरपाईच्या हमीचं) बंधपत्र, अर्जाचा फॉर्म ए-१, डॉक्टरच्या दाखल्याचा एस-३, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा एस-१, घरात सुरक्षित ठेवण्याचं एस-२ हमीपत्र आणि मग पोलीस चौकशी. "देता येतं" म्हणजे द्यायलाच हवं असं नाही. तुमचा अर्ज पुण्याच्या पत्त्यावरून गेला तर तिथे पोलीस आयुक्त परवाना अधिकारी, आणि पहिला प्रश्न येणार की शेतीसंरक्षणाची बंदूक शहरात कशाला. गावात राहून शेती करणारा वारस असेल तरच हे लायसन मागण्यात अर्थ आहे. कायद्यात एक चांगली तरतूद अशी की परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं की हयातीतच वारस नेमता येतो, ज्यांचे वडील अजून आहेत त्यांनी हे करून घ्या.

काकांचा मार्ग मात्र सरळ आहे. २०१९ नंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, आधी तीन होत्या. त्यांच्याकडे एकच आहे. त्यांनी आपल्या लायसनवर दुसऱ्या शस्त्रासाठी आधी परवानगी घ्यायची, तुम्ही वारस म्हणून विक्रीची किंवा हस्तांतराची लेखी सूचना द्यायची, खाजगी विक्रीला सूचना दिल्यापासून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, आणि मग जिथे जमा आहे तिथूनच ती काकांच्या नावावर बाहेर पडेल.

प्रतिसाद – काजूवाला

काकांकडे जाऊ दे असं माझंही मत. शहरात बसून बंदुका बंद करा म्हणणं सोपं आहे, इकडे वर्षाचं काजूपीक एका सकाळीत जातं. पण लायसन बंदुकीचं असतं शिकारीचं नव्हे हे काकांना नीट सांगा, रानडुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते आणि गव्याकडे तर बघायचंही नाही. आणि निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या असं नाहीये, मुंबई हायकोर्टाच्या २००९ च्या निकालानंतर छाननी समितीने बघून ठरवायचं असतं, शेतकऱ्याने अर्ज करून सूट मागावी. आमच्याकडे कोणी मागतच नाही.

प्रतिसाद – बेळगावकर

कर्नाटकात कोडगूमध्ये (कूर्गला) लायसनच लागत नाही म्हणतात, आपल्याकडेच का एवढा त्रास?

प्रतिसाद – वकील, कोल्हापूर

ती सूट फक्त कोडव समाजाला आणि जम्मा (जुन्या वंशपरंपरागत हक्काच्या) जमीनधारकांना आहे, केंद्राने कलम ४१ खाली दिलेली, २०२९ पर्यंत वाढवलेली. तिचा सिंधुदुर्गाशी संबंध नाही. धागाकर्त्यांना गोंधळात टाकू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच आईच्या नावाने अर्ज तयार केला, बंदुकीचे आणि काडतुसांचे फोटो काढले, पोलीस पाटलांना पंच म्हणून यायला सांगितलंय, ते लगेच हो म्हणाले. स्पीड पोस्टाचे तिन्ही लिफाफे उद्या सकाळी जातील. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, तिने दोनदा विचारलं की पावतीवर माझं नाव येणार की त्यांचं. दादाशी बोललो, भिंतीचा विषय त्याने सोडला, ना हरकतवर सही करतो म्हणाला, बाबांची फाईल मात्र त्याला हवी आहे, ती त्याला देणार.

लायसन मी मागणार नाही. काकांनाच द्यायची असं घरात ठरलंय, कारण त्यांची बाग आमच्या बागेला लागूनच आहे आणि एका बाराने दोन्ही बागा राखल्या जातात.

आता दोनच गोष्टी राहिल्या. काकांचं लायसन जुनं, नियम २०१६ येण्याआधीचं. दुसरी बंदूक चढवताना त्यांना आता नव्याने एस-१ चं प्रशिक्षण मागतील का, आणि मागितलं तर तळकोकणात ते कुठे होतं? काका सत्तरीच्या जवळ आहेत, त्यांना लांब नेणं कठीण आहे. आणि दुसरं, बंदूक पावसाआधी ठाण्यातून विक्रेत्याकडे हलवायची तर तो अर्ज ठाण्याला करायचा की थेट ओरोसला? ज्यांनी हे अलीकडे केलंय त्यांनी कृपया लिहा.