क्लबचे दार आणि रांगेतली पाळी

‘ज्याच्याकडे पैसा आहे त्याने सोयी विकत घेतल्या, तर इतरांनी जळफळाट का करावा?’ हा मनोरंजन उद्यानांतल्या जादा पैशांच्या सोयींबद्दल विचारला जाणारा प्रश्न मला अपुरा वाटतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६७ साली सुरू झालेला ‘क्लब ३३’ सभासदांपुरताच आहे, आणि उर्वरित उद्यानात मद्य मिळत नसे तेव्हाही तिथे ते मिळत असे. तरीही त्या बंद दारामुळे बाहेरच्या कुणाची पाळी लांबत नव्हती. रांगेचे तसे नाही. राइडवर जागा मोजक्याच असतात, त्यामुळे जादा पैसे भरणाऱ्यांना आधी बसवले की बाकीच्यांचा खोळंबा वाढतो. डिस्नेने १९९९ मध्ये आणलेला फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळून राइडवर जाण्याची सोय, मोफत होता. २०२१ पासून तशाच सोयीचे पैसे घेतले जाऊ लागले. राग येतो तो या हिरावलेल्या पाळीचा. आपण नाशिककर हे त्र्यंबकेश्वरी पाहतोच: पहाटेपासून ताटकळलेली आजी कठड्याला टेकून उभी असते आणि शेजारून सशुल्क दर्शनाचे पावतीवाले पुढे सरकतात. सातपूर-अंबडचा कामगार रजा टाकून मुलांना अशा उद्यानात नेतो, तेव्हा निदान राइडच्या प्रत्येक फेरीत जादा पैशांच्या, रांग टाळणाऱ्या एक्स्प्रेस तिकिटांना मर्यादा असावी आणि ती प्रवेशद्वारावरच ठळक लिहिलेली असावी, असे मला मनापासून वाटते.