क्षमता निम्मी झाली, पण वीज कशाची?

धागाकर्ता: २०३० पर्यंत निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशा) स्रोतांची करू, असं भारताने २०२२ मध्ये जाहीर केलं आणि २०२५ मध्येच ते करून दाखवलं. मला त्याचा अभिमान आहे. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. रात्री सौर चालत नाही, त्यामुळे १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाच्या सरासरीने २०-२५ मेगावॉटच देतो. म्हणूनच २०२४-२५ मध्येही देशातली ७० टक्क्यांहून जास्त वीज कोळशाचीच होती. धोरण जोखायचं तर मेगावॉट सोडा, युनिट मोजा.

ओलितवाला: मग युनिट किती वाजता मिळालं तेही मोजा. आमच्याकडे वर्षानुवर्षं थ्री फेज लाइन रात्रीचीच. डिसेंबरात मध्यरात्री हरभऱ्याच्या ओलिताला निघायचं, हातात बॅटरी, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी, सौरवर गेला आणि आता दिवसा पाणी देतो. रात्री सौर चालत नाही हा तुम्हाला दोष दिसतो. आम्ही तर दिवसाचीच वीज मागत होतो. तुमच्या टक्क्यांत हे कुठेच येत नाही.

राखेच्या गावातून: दादा, तुमचं पटतं. पण मी औष्णिक केंद्राजवळ राहतो, आमच्या वाट्याला यातलं काय आलं? गंधकाच्या धुराचे निकष २०१५ चे, मुदत २०१७ ची. मुदत लांबत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. सौर वाढलं म्हणून पाठ थोपटताना हेही त्याच पानावर लिहा.

आधी त्यांनी: आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला साधारण २ टन, अमेरिकेचं १४ च्या आसपास. एवढा फरक असताना कोळसा सोडायची घाई आपणच का करायची? कारखाने रात्रीही चालतात.

धागाकर्ता: अमेरिकेकडे बोट दाखवायचा हक्क आपल्याला आहेच, पण त्याने राखेच्या गावातली हवा सुधारत नाही. @ओलितवाला, तुमचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, मान्य. रात्रीचं उत्तर मात्र साठवणुकीत आहे. दुपारच्या जास्तीच्या विजेने पाणी वरच्या धरणात चढवायचं, संध्याकाळी सोडून वीज करायची. सह्याद्रीत घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. नव्या सौर उद्यानाची घोषणा झाली की पहिला प्रश्न हाच विचारा: यातली किती वीज संध्याकाळी सात वाजता मिळेल?

ओलितवाला: विचारा. फक्त आमची दुपारची लाइन त्यात कापू नका.