ग्रीसमध्ये शिडाची यॉट भाड्याने: सहा जण, एक आठवडा

भुसावळकर: चार मोठे, दोन पोरं. मे की ऑगस्ट? कप्तान घ्यावाच लागतो का?

धुळेकर तात्या: भाऊ, घ्यावाच लागेल. बोट चालवायचा परवाना नसेल तर कप्तानाशिवाय नुसती बोट ताब्यात देत नाहीत. कप्तानाला झोपायला जागा लागते, म्हणून तीन नव्हे, चार केबिनची बघा. त्याचं जेवणही आपल्याकडेच. महिना मे. पाणी गार असतं, पण जुलै-ऑगस्टात ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा जोराचा उत्तरेचा वारा सुटतो, पोरं ओकून बेजार होतील. त्यापेक्षा पश्चिमेकडची आयोनियन समुद्राची बाजू शांत.

खान्देशी नावाडी: बुकिंग बहुधा शनिवार ते शनिवार असतं. कडक सुटकेस नेऊ नका, ठेवायला जागाच नसते. घडी होणाऱ्या पिशव्या न्या. संडासाची नळी बारीक असते. कागदसुद्धा टाकायचा नाही. तुंबला की पंप खोलून हातानेच साफ करावा लागतो! ताबा घेताना शिडं, नांगराची मोटर, छोटी रबरी बोट यांचे फोटो काढा, नाहीतर जुन्या ओरखड्याचे पैसे अनामतीतून कापतील.

भुसावळकर: कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, तूप सोबत नेता येईल का?

धुळेकर तात्या: तूप, पेढे नाही; दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. भाकरी थापायची ती नांगर टाकल्यावरच.