मदत हवी आहे: क्रीडा मंडळाने सामाजिक-राजकीय विषयांवर जाहीर बोलावे का?

डावा_कोपरा
नमस्कार. सोलापूरच्या पूर्वभागात आमचे कबड्डी मंडळ आहे. प्रशिक्षकांनी मंडळाच्या फेसबुक पानावर एक मजकूर टाकला आणि त्यावरून कार्यकारिणीत सरळ दोन तट पडले. एक गट म्हणतो की मंडळाने मैदानापुरतेच बोलावे. दुसऱ्या गटाच्या मते, जी मुले रोज संध्याकाळी आपल्याकडे येतात त्यांच्या आयुष्याच्या प्रश्नावर गप्प बसणे हा भित्रेपणा आहे. आता तिसराच गट उभा राहिला असून, "त्या विषयावर बोललात, तर आमच्या आरक्षणाच्या आंदोलनालाही पाठिंब्याचे पत्रक काढा," असा आग्रह त्याने धरला आहे. रविवारी सर्वसाधारण सभा आहे आणि सचिव म्हणून उत्तर मला द्यायचे आहे. मंडळाने बोलावे की नाही, आणि त्याबद्दल काही नियम आहे का, एवढेच कृपया सांगावे.

कडक_भाकरी
मूळ मजकूर कोणत्या विषयावर होता? मंडळ नोंदणीकृत आहे का? प्रशिक्षकांनी तो कोणाला विचारून टाकला? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

डावा_कोपरा
मंडळ नोंदणीकृत आहे. विषय महत्त्वाचा नाही, मला तत्त्व हवे आहे.

बाळीवेस
तत्त्व हवे असेल तर माझे मत स्पष्ट आहे: बोललेच पाहिजे. १९३० साली मार्शल लॉ सोसलेले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे दिलेले आपले शहर आहे. इथल्या मंडळाने तोंड मिटून बसावे, हे मला पटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयात महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाल्यानंतर ड्युरँड चषक फुटबॉल स्पर्धेतला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना रद्द झाला, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही संघांचे समर्थक सॉल्ट लेक मैदानाबाहेर एकत्र उभे राहिले. खेळ माणसांना जोडतो म्हणतात, तो असा.

निवृत्त_पंच
तिथे रस्त्यावर उतरले ते समर्थक, आपापल्या नावाने. संस्थेने शिक्का मारून पत्रक काढणे ही वेगळी गोष्ट आहे. मी स्वतः भोगलेले सांगतो. आमच्या गावच्या मंडळाने एका निवडणुकीत एका बाजूचे पत्रक काढले. त्यानंतरच्या सरावात आमचे कोपरा आणि मध्यरक्षक साखळी धरायला तयार होईनात. चढाई करणारा आत आला की शेजाऱ्याचा हात घट्ट धरावा लागतो. हे दोघे मात्र हात मागे घेऊन वेगवेगळे उभे. एवढ्याशा फटीतून समोरच्याने दोन गडी मारले आणि मध्यरेषा गाठली. पुढच्या वर्षी गावात दोन मंडळे झाली आणि दोन्ही संपली. सात जण सात घरांतून येतात. त्यांच्या वतीने एकाच तोंडाने बोलायचा अधिकार सचिवाला कोणी दिला?

बाळीवेस
आपला अनुभव मी नाकारत नाही, पण गप्प राहिल्यानेही बाजू घेतली जातेच. मुंबईच्या जुन्या चौरंगी-पंचरंगी क्रिकेट सामन्यांत संघच धर्मावर पाडलेले होते आणि जिमखान्यांना त्यात वर्षानुवर्षे काही वावगे दिसले नाही. पळवणकर बाळूंसारखा गोलंदाज हिंदू संघाला सामने जिंकून देत राहिला, पण जातीमुळे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध मत दिले, तेव्हाही "खेळात राजकारण नको" हेच ऐकवले गेले. १९४६ नंतर ते सामने बंद झाले. त्याने क्रिकेट बुडाले का?

निवृत्त_पंच
ते उदाहरण माझ्या बाजूचे आहे. तिथे प्रश्न मैदानाच्या आतला होता: संघ कसा निवडायचा, कर्णधार कोण. त्यावर मंडळाने बोलावे, मोठ्याने बोलावे. माझा विरोध मैदानाबाहेरच्या झेंड्यांना आहे.

मातीचा_गडी
मंडळ नोंदणीकृत आहे म्हणता, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदानाची चौकशी जरूर करा. मुले अजून मातीवर खेळत असतील, तर मॅटचा सराव आतापासून द्या, कारण मॅटवर पाय अडकतो आणि गुडघे जातात.

डावा_कोपरा
मॅटबद्दल मी विचारलेले नाही. सर्वांनी विषय विचारला म्हणून सांगतो. आमच्या मुलींच्या संघातली सोळा वर्षांची एक खेळाडू अचानक यायची थांबली. तिचे लग्न ठरल्याचे मैत्रिणींकडून कळले. प्रशिक्षकांनी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवले, अधिकारी घरी गेले आणि लग्न थांबले. त्यानंतर प्रशिक्षकांनी संघाच्या छायाचित्रासह लिहिले की, आमचे मंडळ बालविवाहाच्या विरोधात आहे आणि आमच्या एका मुलीचे लग्न आम्ही रोखले. समाजातले वडीलधारे चिडले. मैदानाच्या दिव्यांचा खर्च देणारे गृहस्थ मजकूर काढा म्हणतात.

लेखी_काम
वकिली करते, म्हणून थांबवून विचारते. छायाचित्रात ती मुलगी आहे का?

डावा_कोपरा
आहे. पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी. नाव लिहिलेले नाही.

लेखी_काम
मग रविवारची वाट पाहू नका, छायाचित्र आत्ता काढा. विवाहयोग्य वयाआधी लग्न लावले जाण्याचा धोका असलेले मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते. कलम ७४ नुसार त्याची ओळख उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पूर्वभागात पहिल्या रांगेतली मुलगी ओळखायला नाव लागत नाही. "आमच्या एका मुलीचे" हे वाक्यही काढा. तिची गोष्ट सांगायचा हक्क मंडळाला नाही, प्रशिक्षकांनाही नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

आता आपला मूळ प्रश्न. आपली संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल. संस्थेच्या घटनेतील उद्देशांचे पान उघडा. खेळाडूंचा शारीरिक विकास, कल्याण असे काही तिथे असेलच. अल्पवयीन खेळाडूचे लग्न रोखणे हा त्या उद्देशाचा भाग आहे. मंडळाने तसा ठराव करून, कोणाचेही नाव न घेता, जरूर जाहीर करावा. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा मुलीसाठी अठरा वर्षे सांगतो, त्यामुळे हा मतभेदाचा विषयही नाही. आरक्षण हा मात्र आपल्या सभासदांमधला खराखुरा मतभेद आहे. तिथे प्रत्येकाने आपल्या नावाने बोलावे, मंडळाचे पान वापरू नये.

कडक_भाकरी
हे पटले. एक विचारतो, आपल्या मुलांच्या जर्सीवर छातीवर काय छापलेले आहे?

डावा_कोपरा
एका इच्छुक उमेदवाराचा फोटो आणि नाव. गेल्या वर्षी त्यांनी चौदा जर्सी दिल्या.

निवृत्त_पंच
सचिवसाहेब, मग आपले मंडळ वर्षभर राजकीय भाषण करतच आहे, तेही मुलांच्या अंगावरून. मी इतका वेळ बाळीवेस यांच्याशी वाद घातला, पण आधी हा प्रश्न विचारायला हवा होता.

डावा_कोपरा
छायाचित्र आणि ते वाक्य काल रात्रीच काढले. आज प्रशिक्षकांसोबत ठरावाचा मसुदा केला: खेळाडूचे लग्न कायद्याच्या वयाआधी ठरल्यास मंडळ संबंधित यंत्रणेला कळवील, पानावर कोणतेही निवेदन कार्यकारिणीच्या लेखी संमतीशिवाय जाणार नाही, आणि जर्सीवर कोणाही उमेदवाराचे छायाचित्र असणार नाही. आरक्षणाचे पत्रक निघणार नाही, हे त्या गटाला मी स्वतः घरी जाऊन सांगणार आहे. दिव्यांचा खर्च देणारे गृहस्थ मागे हटले तर सराव उजेडात, पाच वाजता सुरू करू. आता चौदा साध्या जर्सी सोलापुरात रास्त दरात कोण शिवून देईल, कोणाला माहीत असल्यास कळवावे.