शब्द सालेमला नाही, पोर्तुगालला दिलाय!

माझगावकर: "९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमला २०३० ला सोडणं ही नामुष्की, दहशतवाद्याला दिलेला शब्द कसला पाळायचा" असं काल इथे एकाने लिहिलं आणि सगळ्यांनी री ओढली. अहो, शब्द पोर्तुगालला दिलाय. २००२ ला तो लिस्बनमध्ये सापडला तेव्हा आपला त्यांच्याशी प्रत्यार्पण करारही नव्हता. बॉम्बस्फोटविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला, फाशी नाही आणि २५ वर्षांवर कैद नाही असं लिहून दिलं, तेव्हा कुठे २००५ ला हाती लागला. सुप्रीम कोर्टानेही २०२२ ला हा शब्द पाळायलाच लावलाय.

वरळीचा जुना: कायदा शिकवू नका. १२ मार्च ९३ ला मी सेंच्युरी बाजारसमोर होतो. शर्टावरचं रक्त माझं नाही, हे घरी आल्यावर कळलं. २५७ माणसं गेली. त्यांना कुणी काय लिहून दिलं होतं?

कोकणचा वाघ: आणि शिकवतंय कोण, तर पोर्तुगाल! ४५१ वर्षं गोवा पिळला, आता मानवाधिकार!

म्हापसेकर: गोव्याच्या नावाने गळे काढू नका. माझे आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते, पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या पोलिसांनी फोडून काढलं होतं. तरी सांगतो, लष्करी गुन्हे सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी त्यांनी १८६७ लाच बंद केली. सालेमसाठी खास नाही.

कोकणचा वाघ: आजोबा आग्वादला, नातू पोर्तुगीज पासपोर्टच्या रांगेत. वा!

म्हापसेकर: भाऊ गेलाय, हो. इंग्लंडात गोदामात रात्रपाळी करतो. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा तुम्ही आला होतात विचारायला?

कोकणचा वाघ: खाणींनी शेतं गाळाने भरली, ते बोला आधी.

माझगावकर: खाणी कुठून आल्या इथे?! मुद्दा असा, की आपण वाढीव कलमं लावली म्हणून २०११ ला लिस्बनच्या कोर्टाने प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. शेवटी सीबीआयला ती मागे घ्यावी लागली. मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या वेळी लंडनच्या कोर्टाने आर्थर रोड तुरुंगातल्या बराकीचा व्हिडिओ मागवला होता, खिडकीतून उजेड येतो का ते बघायला. शब्द मोडलात तर पुढच्या आरोपीच्या वेळी सालेमचीच फाईल पुढे टाकतील.

वरळीचा जुना: बरं बाबा, पाळा शब्द. पण २००५ ला आणलेल्याला स्फोटांची शिक्षा २०१७ ला, हे कुठल्या कायद्यात बसतं? आणि दाऊद?

माझगावकर: दाऊदचं नाव २००३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दहशतवाद्यांच्या यादीत आहे, कराचीच्या पत्त्यांसकट. पाकिस्तान देत नाही, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

कोकणचा वाघ: मग एवढं टंकलंत कशाला?